प्रकाशाची मोजपट्टी

कुंभाराकडून मडकें घेतांना गृहिणी तें बोटाच्या पेरानें वाजवून पाहते. आवाज खणखणीत आला तर मडकें धड आहे. बद्द आला तर कोठें तरी चीर आहे, मग ती डोळ्यांना दिसो वा न दिसो. रेल्वेच्या स्थानकांत उभ्या असलेल्या गाडीच्या चाकांवर हातोडीचा ठोका मारीत जाणारा कामगार पूर्वीं हीच विद्या वापरीत असे. या दोन्ही परीक्षांचें मर्म एकच. वस्तु न फोडतां तिच्या पोटांतील व्यंग ओळखावयाचें, आणि त्यासाठीं तिला अगदीं हलकासा धक्का देऊन ती त्याला काय उत्तर देते तें पाहावयाचें.

परंतु कानाच्या या परीक्षेला मर्यादा आहेत. बद्द आवाजावरून मडकें फुटकें आहे एवढें कळतें. चीर नेमकी कोठें आहे आणि केवढी आहे हें कळत नाहीं. शिवाय सर्वच वस्तु मडक्यासारख्या बोलक्या नसतात. विमान उतरतांना त्याचे टायर मोठ्या वेगानें धांवपट्टीवर आदळतात, आणि झिजलेल्या टायरवर नवें रबर चढवून तो पुन्हां वापरण्याची रीति आहे. अशा टायरमधील दोन थर आंतल्या आंत एकमेकांपासून सुटले असतील, तर वरून पाहून किंवा ठोका मारून त्याचा भरंवसा देतां येत नाहीं. टायर कापला तर व्यंग सांपडेल, पण मग टायरच उरणार नाहीं. न कापतां तो चाकावर चढविला आणि व्यंग राहून गेलें, तर त्याची किंमत विमानांतील माणसांना मोजावी लागेल.

अशा पेंचांतून सुटण्याची एक युक्ति विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत शास्त्रज्ञांच्या हातीं आली. वस्तूच्या पृष्ठभागाला केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याहूनहि कमी फुगवटा आला, तरी ही युक्ति तो डोळ्यांसमोर मांडून दाखविते. तिचें नांव होलोग्राफिक इंटरफेरोमेट्री. नांव जड असलें तरी तिच्यामागील कल्पना एका वाक्यांत सांगतां येते. वस्तूची तुलना दुसऱ्या कोणत्याहि मापाशीं न करतां तिच्या स्वतःच्याच क्षणापूर्वींच्या रूपाशीं करावयाची.

ही कल्पना समजून घेण्यासाठीं प्रथम प्रकाशाच्या एका जुन्या खोडीकडे वळावें लागतें. पावसाळ्यांत रस्त्यावर सांडलेल्या तेलाच्या तवंगावर किंवा साबणाच्या फुग्यावर जे रंगीत पट्टे दिसतात, ते कोणत्याहि रंगद्रव्याचे नसतात. प्रकाश लहरींच्या रूपानें प्रवास करतो. तवंगाच्या वरच्या बाजूवरून परतलेली लहर आणि खालच्या बाजूवरून परतलेली लहर डोळ्यांत एकत्र येतात. एकीचें शिखर दुसरीच्या शिखरावर पडलें तर प्रकाश वाढतो. एकीचें शिखर दुसरीच्या खळग्यांत पडलें तर दोघी एकमेकींस निस्तेज करतात, आणि प्रकाशांत प्रकाश मिळवून अंधार उत्पन्न होतो. या प्रकाराला शास्त्रांत व्यतिकरण म्हणतात. टॉमस यंग या इंग्रज वैद्यानें १८०१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें त्याचें तत्त्व मांडलें.

लहरींची लांबी फार अल्प असल्यामुळें व्यतिकरण म्हणजे निसर्गानें माणसाच्या हातीं दिलेली एक मोजपट्टीच होय. प्रयोगशाळेंत नेहमीं वापरला जाणारा हेलियम-निऑन लेसरचा तांबडा प्रकाश घेतला, तर त्याच्या एका लहरीची लांबी ०.६३२८ मायक्रोमीटर भरते. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या केसाची जाडी सुमारें ७० मायक्रोमीटर धरली, तर एका केसाच्या जाडींत अशा शंभराहून अधिक लहरी बसतील. अमेरिकन शास्त्रज्ञ आल्बर्ट मायकेलसन यांनीं पॅरिसजवळ सेव्हर येथें १८९२ व १८९३ या वर्षांत प्रत्यक्ष मीटरचें प्रमाणमापच कॅडमियम धातूच्या तांबड्या प्रकाशाच्या लहरींनीं मोजून दाखविलें होतें.

मग विमानाचा टायर किंवा लोखंडाचा पत्रा या पट्टीनें पूर्वींच कां मोजला गेला नाहीं? अडचण पृष्ठभागाची होती. मायकेलसन यांच्या उपकरणांतील आरसे अत्यंत गुळगुळीत होते. आरशावरून परतणारी लहर शिस्तीनें परत येते, आणि दुसऱ्या आरशावरून आलेल्या तशाच शिस्तीच्या लहरीशीं तिची गांठ घालतां येते. टायरचें रबर, लांकूड, ओतीव लोखंड यांचे पृष्ठभाग प्रकाशाच्या दृष्टीनें डोंगरदऱ्यांनीं भरलेले असतात. तेथून परतणारी लहर इतकी विस्कटलेली असते कीं, तिच्या जोडीला बसेल अशी दुसरी लहर कोठून आणावयाची हाच प्रश्न पडे. जगांत तशीच खडबडीत दुसरी वस्तु मिळणें शक्य नाहीं. तशी वस्तु एकच, आणि ती म्हणजे ती स्वतः. परंतु एका क्षणापूर्वींची ती वस्तु आतां कोठून आणावयाची?

या प्रश्नाचें उत्तर अगदीं निराळ्या कामासाठीं चाललेल्या विचारांतून निघालें. इंग्लंडांत रग्बी येथें ब्रिटिश टॉमसन-ह्यूस्टन या कंपनीच्या प्रयोगशाळेंत डेनिस गाबोर हे हंगेरींत जन्मलेले शास्त्रज्ञ काम करीत होते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांतील अस्पष्टता कशी घालवावी, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. १९४७ सालीं त्यांच्या ध्यानांत आलें कीं, साधें छायाचित्र प्रकाशाचा केवळ जोर टिपतें. लहर कांचेपर्यंत पोंचली तेव्हां तिचें शिखर पुढें होतें कीं खळगा, ही अर्धी हकीकत छायाचित्रांत हरवून जाते. वस्तूकडून येणाऱ्या लहरीच्या जोडीला एक ओळखीची, साधी लहर सोडली आणि त्या दोहोंचें व्यतिकरण कांचेवर टिपून घेतलें, तर ही हरवलेली हकीकतहि पट्ट्यांच्या रूपानें नोंदली जाईल, असें त्यांनीं ताडलें. १९४८ सालीं 'नेचर' या नियतकालिकांत त्यांनीं ही रीति प्रसिद्ध केली. संपूर्ण या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनीं अशा नोंदीला होलोग्राम हें नांव दिलें. या शोधासाठीं त्यांना १९७१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

गाबोर यांची कल्पना काळाच्या पुढें होती. तिला हवा तसा शिस्तीचा प्रकाश त्या काळीं उपलब्ध नव्हता. दिव्यांतून निघणाऱ्या लहरी बाजारांतील गर्दीसारख्या असतात. प्रत्येकीची चाल निराळी. १९६० सालीं अमेरिकेंत थिओडोर मेमन यांनीं पहिला लेसर चालवून दाखविला, आणि एका पावलानें चालणाऱ्या सैन्याप्रमाणें एकतालांत जाणाऱ्या लहरी हातीं आल्या. त्यानंतर मिशिगन विद्यापीठांतील एमेट लीथ आणि युरिस उपाट्निएक्स यांनीं ओळखीची लहर वस्तूच्या लहरीपासून निराळ्या दिशेनें कांचेवर आणण्याची सुधारणा केली. १९६४ सालीं त्यांनीं एका खेळण्यांतील आगगाडीचा होलोग्राम दाखविला, तेव्हां कांचेच्या पलीकडे गाडी खरोखरच उभी आहे असा पाहाणाऱ्यांना भास झाला.

होलोग्राम घेण्याची कृति अशी. लेसरचा एक झोत अर्धपारदर्शक आरशावर सोडून त्याचे दोन भाग करतात. एक भाग वस्तूवर पडून तेथून विखुरत फोटोच्या कांचेकडे येतो. दुसरा आरशांच्या वाटेनें थेट कांचेवर येतो. दोहोंच्या मिलनानें कांचेवर अतिशय बारीक पट्टे उमटतात. एका मिलिमीटरांत ते हजाराच्या घरांत असूं शकतात, म्हणून कांचेवरील लेपहि तितकाच बारीक कणांचा लागतो. कांच धुऊन तयार केली म्हणजे तिच्यावर वस्तूचें चित्र दिसत नाहीं. एक करडा, निरर्थक वाटणारा डाग दिसतो. परंतु तिच्यावर तोच थेट झोत पुन्हां सोडला, कीं वस्तूकडून जी लहर पूर्वीं आली होती तीच जशीच्या तशी कांचेंतून बाहेर पडते. वस्तु तेथून उचलून नेली तरी तिची लहर तेथें हजर असते. क्षणापूर्वींची वस्तु कोठून आणावयाची, या प्रश्नाचें उत्तर हेंच होय.

या उत्तराचा उपयोग पृष्ठभाग मोजण्याकडे होईल हें १९६५ च्या सुमारास अनेक ठिकाणीं जवळजवळ एकाच वेळीं लक्षांत आलें. त्यांत मिशिगन येथील रॉबर्ट पॉवेल व कार्ल स्टेटसन यांचें काम विशेष गाजलें. १९६५ सालीं त्यांनीं फिल्म ठेवण्याच्या एका साध्या डबीचें बूड कांपत असतांना त्याचे होलोग्राम घेतले. त्यांत डबीच्या बुडावर काळेपांढरे पट्टे स्पष्ट उमटले होते. ते पट्टे डबीवर नव्हते. ते तिच्या कंपनाचे लेख होते.

हे पट्टे कसे वाचावयाचे, हें समजण्यासाठीं श्रोत्यांनीं एका पोलादी पट्टीची कल्पना करावी. पट्टीचें एक टोंक शेगड्यांत घट्ट आवळलें आहे, दुसरें मोकळें आहे. लेसरचा प्रकाश तिच्यावर समोरून पाडून प्रथम एक होलोग्राम टिपला. मग मोकळ्या टोंकाला समोरून किंचित् दाब दिला आणि त्याच कांचेवर दुसऱ्यांदा होलोग्राम टिपला. आतां कांच धुऊन तिच्यावर थेट झोत सोडला, तर पट्टीच्या दोन लहरी एकाच वेळीं बाहेर पडतात. एक दाबापूर्वींची, एक दाबानंतरची. पट्टीच्या पृष्ठभागावरील खांचखळगे दोन्ही वेळीं तेच होते, म्हणून ते तुलनेंतून आपोआप निघून जातात. उरतो तो केवळ फरक. जी खडबडीत घडण पूर्वीं अडचण होती ती अशा रीतीनें निकालांत निघाली.

पट्टीचा एखादा बिंदु मागें सरकला, तर प्रकाशाला तेथपर्यंत जातांना तेवढें अंतर अधिक आणि परत येतांना पुन्हां तेवढेंच अधिक चालावें लागतें. म्हणून बिंदु अर्ध्या लहरीइतका सरकला कीं वाटेंत एका पूर्ण लहरीचा फरक पडतो, आणि एक नवा पट्टा उमटतो. तांबड्या लेसरच्या बाबतींत एक पट्टा म्हणजे सुमारें ०.३१६ मायक्रोमीटर. आवळलेलें टोंक हललेलें नसतें. तेथून मोजावयास सुरुवात करून मोकळ्या टोंकापर्यंत बारा पट्टे भरले, तर टोंक सुमारें ३.८ मायक्रोमीटर सरकलें असा हिशेब होतो. नकाशावरील समान उंचीच्या रेषा जशा डोंगराचा चढ सांगतात, तसे हे पट्टे वांकलेल्या पृष्ठभागाचा उतार सांगतात. आवळलेल्या टोंकाजवळ ते विरळ असतात. मोकळ्या टोंकाकडे पट्टीचा कल वाढत जातो, तसे ते दाट होत जातात. सरळ व संथ चाललेले पट्टे एखाद्या जागीं एकाएकीं मुरडले किंवा तुटले, तर त्या जागीं धातु शेजारच्या धातूसारखी वागलेली नाहीं असें समजावें. तेथें चीर असण्याचा संभव आहे.

हीच कृति टायरला लावली म्हणजे आरंभींचा प्रश्न सुटतो. टायर एका बंद पेटींत ठेवून त्याचा एक होलोग्राम घेतात, आणि मग पेटींतील हवा थोडी काढून घेतात. टायरचे थर जेथें घट्ट चिकटलेले असतात तेथें विशेष कांहीं घडत नाहीं. जेथें ते सुटलेले असतात तेथें त्यांच्यामध्यें अडकलेली हवा बाहेरचा दाब कमी झाल्यामुळें फुगूं पाहाते, आणि वरचें रबर कांहीं मायक्रोमीटर वर उचलतें. हाताला हा फुगवटा कळणार नाहीं. परंतु दुसरा होलोग्राम घेतांच तेवढ्याच जागीं पाण्यांत खडा टाकल्यावर उठावीं तशीं एकांत एक वर्तुळें दिसूं लागतात. व्यंग कोठें आहे आणि केवढ्या विस्ताराचें आहे हें दोन्ही त्यांत दिसतें, आणि टायर जसाच्या तसा राहातो. विमानांच्या बांधणींत मधमाशांच्या पोळ्यासारख्या पोकळ गाभ्यावर दोन्ही बाजूंनीं पातळ पत्रे चिकटवितात. त्यांचा सांधा सुटला आहे कीं काय हें पाहाण्यासाठीं दाबाऐवजीं थोडी ऊब देतात. सुटलेला भाग निराळ्या रीतीनें फुगतो आणि पट्ट्यांनीं आपली जागा उघड करतो.

जी रीति कारखान्यांत उपयोगी पडली ती चित्रशाळेंतहि कामीं आली. युरोपांतील जुनीं चित्रें पुष्कळदां लांकडी फळीवर खडूसारख्या लेपाचा थर देऊन त्यावर रंगविलेलीं असत. शतकांच्या हवापाण्यानें लांकूड आकसतें व प्रसरतें, आणि वरचा थर फळीपासून सुटूं लागतो. पापुद्रा गळून पडल्यावर तो दोष सर्वांनाच दिसतो, पण मग फार उशीर झालेला असतो. अशा चित्रावर ठोके मारून परीक्षा करणें धोक्याचें. १९७४ सालीं इटालियन संशोधकांनीं अशा चित्रांची होलोग्रामनें परीक्षा करण्याची रीति प्रसिद्ध केली. चित्राला अगदीं थोडी ऊब देऊन घेतलेल्या दोन नोंदींच्या तुलनेंत सुटलेले भाग स्पष्ट दिसतात, आणि दुरुस्ती करणाऱ्याला कोणत्या जागीं हात घालावा हें आधींच कळतें.

कांपणाऱ्या वस्तूंच्या बाबतींत युक्ति थोडी बदलते. कंपनें चालू असतांनाच कांचेवर दीर्घकाळ प्रकाश पाडला, तर वस्तूचे जे भाग स्थिर राहातात ते सर्वांत तेजस्वी दिसतात, आणि जे अधिक हलतात त्यांवर क्रमाक्रमानें फिके होत जाणारे पट्टे उमटतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस क्लाड्नी या जर्मन शास्त्रज्ञानें धातूच्या पत्र्यावर वाळू पसरून व कडेला गज घांसून स्थिर रेषा दाखविल्या होत्या. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनींहि भारतीय चर्मवाद्यांच्या अभ्यासांत वाळूची मदत घेतली होती. वाळू कोणता भाग स्थिर आहे एवढेंच सांगते. होलोग्राम इतर भाग किती हलले हेंहि सांगतो, आणि वस्तु सपाट व आडवी असावी अशी त्याची अट नसते. १९७० सालीं स्वीडनमधील संशोधकांनीं व्हायोलिनच्या लांकडी अंगाचीं कंपनें याच रीतीनें पाहिलीं. विमानाच्या इंजिनांतील पात्यांचीं कंपनेंहि अशींच तपासतां येतात. पातें कोणत्या वेगाला कोठें सर्वांत अधिक वांकतें हें कळलें, म्हणजे तें कोठें थकून मोडेल याचाहि अंदाज बांधतां येतो.

एवढें सामर्थ्य असलेलें साधन फुकट मिळत नाहीं. जी पट्टी लहरीच्या अंशानें मोजते, ती लहरीच्या अंशानें बिघडतेहि. होलोग्राम टिपला जात असतांना वस्तु, आरसे किंवा कांच लहरीच्या अल्पशा अंशानें जरी हललीं तरी नोंद पुसट होते. म्हणून हीं साधनें हवेच्या उशांवर तरंगणाऱ्या जड मेजावर मांडावीं लागतात. शेजारच्या खोलींतील पावलें किंवा झोताच्या वाटेंत आलेली ऊन हवा एवढ्यानेंहि काम बिघडतें. कारखान्याच्या गडबडींत रुबी लेसरचे दोन स्पंद वापरून ही अडचण टाळतात. प्रत्येक स्पंद सेकंदाच्या कोट्यवधीव्या अंशाइतकाच टिकतो, आणि तेवढ्या काळांत कांहींच हलूं शकत नाहीं.

दुसरी अडचण वाचणाऱ्याची आहे. पट्टा किती सरकलें तें सांगतो. पुढें सरकलें कीं मागें तें एकट्या चित्रावरून सांगत नाहीं. सबंध वस्तु किंचित् कलली तरीहि तिच्यावर पट्टे उमटतात, आणि ते व्यंगाचे समजले तर चांगली वस्तु भंगारांत जाईल. पृष्ठभागाची सर्व दिशांची हालचाल हवी असेल, तर निदान तीन निरनिराळ्या दिशांनीं पाहावें लागतें. पट्टे फार दाट झाले तर मोजतांच येत नाहींत. म्हणून वस्तूला धक्का बेताचाच द्यावा लागतो. पट्टे पुष्कळ दिसले म्हणजे दोष मोठा, असा हिशेब करणारा फसतो. पट्ट्यांची चाल जेथें बिघडली, तेथें पाहावयाचें असतें.

यांतील कांहीं अडचणी पुढें दूर झाल्या. १९८२ सालीं ऑस्ट्रेलियांत पी. हरिहरन व त्यांचे सहकारी यांनीं ओळखीच्या लहरीच्या वाटेंतील आरसा लहरीच्या ठराविक अंशानें सरकवीत, प्रत्येक वेळचें चित्र इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यानें टिपून गणकयंत्राकडे दिलें. हरिहरन यांनीं पूर्वीं भारतांतहि संशोधन केलें होतें. या रीतीनें पट्टे मोजीत बसावें लागत नाहीं, पट्ट्याच्या लहानशा अंशाचेंहि मोजमाप होतें, आणि सरकणें पुढें कीं मागें याचा उलगडा होतो. १९९४ सालीं जर्मनींत उल्फ श्नार्स व वेर्नर यूप्ट्नर यांनीं कांच व तिचें धुणें सोडून होलोग्राम सरळ कॅमेऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक पटलावर घेतला आणि वस्तूची लहर संगणकांतील गणितानें उभी केली. आजच्या प्रयोगशाळांत बहुतेक काम अशाच मार्गानें चालतें. साधन बदललें, तरी तत्त्व बदललेलें नाहीं.

तत्त्व तेंच आहे जें गृहिणी बाजारांत वापरते. तीहि मडक्याला हलका धक्का देते आणि त्याचें उत्तर ऐकते. तिला मात्र पूर्वीं ऐकलेल्या सर्व धड मडक्यांचा आवाज ध्यानांत ठेवावा लागतो, आणि हातांतील मडक्याची त्यांच्याशीं तुलना करावी लागते. होलोग्रामनें ही आठवण वस्तूच्याच स्वाधीन केली. आपण क्षणापूर्वीं कशा होतों हें वस्तु स्वतःच सांगते, आणि त्यापासून कोठें ढळलों हेंहि स्वतःच दाखविते. साक्ष इतकी चोख असली, तरी निवाडा मात्र माणसासच करावा लागतो. पट्टे जेथें मुरडले आहेत तेथें थांबून, हा टायर चाकावर चढवावा कीं नाहीं हें ठरविणारा जाणता डोळा अजूनहि तितकाच हवा असतो.